बिब्बा आणि गोडंबी

कुणी आयत्या वेळी जमत आलेले काम मोडले, की आपण म्हणतो, ‘त्याने बिब्बा घातला!’ या एका वाक्प्रचारापायी एका गुणी झाडाची केवढी बदनामी झाली आहे! चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात सागा-ऐनाच्या सोबतीने हे झाड मुकाट्याने उभे असते. दिवाळीच्या सुमारास त्याला फळे धरतात, थंडी पडली की ती पिकतात. वर काजूच्या बोंडासारखा नारिंगी गर, खाली काळेकुळकुळीत बी. आंबा, काजू आणि चारोळी हे त्याचे भाऊबंद. पण घराण्याचा तापटपणा मुख्यतः याच्याच वाट्याला आला.

शरदात युरोपातली माणसे रानात चेस्टनट वेचतात. त्याच्या टरफलाला काटे असतात, ते फार तर बोचतात. बिब्ब्याच्या कवचातले तेल अंगाला लागले, तर कातडी उतते, फोड येतात. धोबी याच रसाने कपड्यांवर खुणा करीत. कापड विरे, पण खूण जात नसे. आणि हेच कवच फोडले, की आत निघते पांढरी, गोड गोडंबी! डिंकाच्या लाडवात आणि बाळंतिणीच्या खुराकात तिचा मान मोठा.

परंतु वाचकहो, कवच आणि लाडू यांच्यामध्ये कुणाचे तरी हात असतात. धानोऱ्याकडच्या एका आठवडी बाजारात गोडंबी विकणाऱ्या बाईंना मी विचारले, “मावशी, हात उतत नाहीत?”

“उततात ना, दादा. तेल लावतो, राख लावतो. तरी उतले, तर चार रोज पोरगी सैपाक करते.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी भाव करायचे सोडून दिले.

2006 च्या वनहक्क कायद्याने रानातली गौण उपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनवासींना मिळाला. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. रानावरचा हक्क असा कागदावर आला. फोडणाऱ्या हातांची किंमत मात्र अजून बाजारातच ठरते, आणि ती ठरवणारे आपणच.

तेव्हा यंदा थंडीत लाडवांसाठी गोडंबी घ्याल, तेव्हा घासाघीस करू नका. कुणाच्या कष्टात आपण बिब्बा घालू नये, एवढेच.