पंचाहत्तरीतला हप्ता

ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी सल्लामसलत करा, असे भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने ३० जानेवारी २०२५ रोजी विमा कंपन्यांना बजावले. हप्त्यातल्या अचानक उड्यांनी हैराण झालेल्या ज्येष्ठांनी या आदेशाचे स्वागत केले आणि ते रास्तच होते. पण दहा टक्के म्हणजे नेमके किती, याचा हिशेब कागदावर मांडून पाहायला हवा. समजा, बासष्टाव्या वर्षी नवरा-बायको मिळून चाळीस हजार रुपये हप्ता भरत आहेत. तो दरसाल फक्त दहा टक्क्यांनी वाढला तरी सत्तरीत पंच्याऐंशी हजारांच्या पुढे जातो, बहात्तराव्या वर्षी लाख ओलांडतो आणि पंचाहत्तरीत १ लाख ३८ हजारांवर पोहोचतो. यात कुठेही नियमभंग झालेला नसतो.

निवृत्तांचे उत्पन्न या गतीने वाढत नाही. सरकारी निवृत्तिवेतनाला निदान महागाई भत्त्याची जोड असते. कारखान्यांतून, सहकारी संस्थांतून, एसटीतून निवृत्त झालेल्यांच्या ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) पेन्शनला तीही नाही. या पेन्शनची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये महिना एक हजार रुपये ठरली. वर्षाचे बारा हजार हातात येणाऱ्या माणसासमोर चाळीस हजारांच्या हप्त्याचे माहितीपत्रक ठेवून ‘योग्य योजना निवडा’ असे सांगणे ही त्याची क्रूर थट्टा आहे. बुलढाण्यातून उभ्या राहिलेल्या पेन्शनरांच्या आंदोलनाने पेन्शनवाढीच्या बरोबरीने पती-पत्नीला मोफत वैद्यकीय सेवेची मागणी लावून धरली, ती याच हिशेबातून. बँकांमधून निवृत्त झालेल्यांची स्थिती बरीच बरी. तरी त्यांच्यासाठी २०१५ मध्ये आलेल्या गट विमा योजनेचा वाढत गेलेला हप्ता ही त्यांच्या संघटनांची वर्षानुवर्षांची तक्रार राहिली आहे.

म्हणूनच निवृत्तीनंतरची आरोग्य विमा पॉलिसी निवडताना ‘कव्हर किती लाखांचे’ या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: हा हप्ता पंचाहत्तरीतही भरता येईल का? पुढच्या दहा वर्षांचे दर कोणतीही कंपनी लिहून देणार नाही. मात्र आज पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला हीच पॉलिसी कितीला पडते, हे तिच्या दरपत्रकात असते. एजंटाकडे किंवा कंपनीच्या कार्यालयात तो आकडा मागावा. पहिल्या वर्षी सर्वांत स्वस्त दिसणारी पॉलिसी त्या रकान्यात पुष्कळदा स्वस्त राहत नाही. हप्ता परवडेनासा झाला की माणूस पॉलिसी सोडतो, आणि सोडतो ते नेमके आजारपणाच्या वयात. पाच-सात वर्षे भरलेल्या पैशांतून मिळवलेले सगळे हक्क तिथेच संपतात.

गेल्या काही वर्षांत नियम सुधारले, हे मान्य करायलाच हवे. नवी पॉलिसी घेण्यासाठी सर्रास लावली जाणारी पासष्ट वर्षांची अट एप्रिल २०२४ पासून गेली. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली, तर ‘तुम्ही आजार लपवला’ या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. आधीच्या वर्षी क्लेम घेतला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी हटला. चाळीस हजारांच्या हप्त्यावर द्यावे लागणारे ७,२०० रुपये वाचले, हा मोठा दिलासा आहे. पण अटीविना पॉलिसी विकायला कंपनीला कोणी भाग पाडलेले नाही. वयाची अट गेली तरी प्रकृतीची तपासणी, जादा हप्ता आणि नकार हे तिन्ही मार्ग तिच्या हाती आहेत. अर्ज करता येतो म्हणजे विमा मिळतोच असे नव्हे.

आणि मिळालेला विमा बिलाच्या दिवशी किती उपयोगी पडतो? २०२३-२४ या वर्षात देशातल्या आरोग्य विमा कंपन्यांकडे सुमारे १ लाख १७ हजार कोटी रुपयांचे क्लेम होते आणि त्यांतले सुमारे ७१ टक्के रकमेचे फेडले गेले, असे नियामकाच्याच वार्षिक अहवालात आहे. उरलेल्या रकमेत सरसकट फेटाळलेले क्लेम आहेत, पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून कापलेले आहेत, वर्षअखेरीला प्रलंबित राहिलेलेही आहेत. यांपैकी कापाकापी निवृत्तांना सर्वांत जास्त चकवते, कारण क्लेम तर मंजूर झालेला असतो.

एक बिल जवळून पाहू. पाच लाखांची पॉलिसी आहे, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार रुपये, आणि ज्येष्ठांसाठी वीस टक्के को-पे, म्हणजे मान्य रकमेतला ग्राहकाने स्वतः भरायचा वाटा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवस मुक्काम. पाच हजारांची खोली शिल्लक नाही म्हणून मुलाने आठ हजारांची घेतली. बिलात खोलीचे ३२ हजार. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून दोन लाख. इम्प्लांट, औषधे आणि तपासण्या ९० हजार. एकूण ३ लाख २२ हजार. घरच्यांना वाटते, खोलीचे जास्तीचे बारा हजार आपल्याला भरावे लागतील. प्रत्यक्षात पाच हजार भागिले आठ हजार या प्रमाणात सर्जनपासून नर्सिंगपर्यंतचे दोन लाखही कापले जातात आणि सव्वा लाखच मान्य होतात. इम्प्लांट, औषधे, तपासण्या आणि आयसीयू यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असा नियम २०२० पासून आहे. तो नसता तर चित्र याहून वाईट असते. मान्य रक्कम उरते २ लाख ३५ हजार. तिच्यावर वीस टक्के को-पे म्हणजे आणखी ४७ हजार खिशातून. पाच लाखांचे कव्हर असलेल्या माणसाला सव्वातीन लाखांच्या बिलापैकी १ लाख ३४ हजार स्वतः भरावे लागतात. हातमोजे, मास्क, डायपर अशा ‘नॉन-पेएबल’ वस्तूंचे पैसे त्याशिवाय.

पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा आकडा पाहून निवड करणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतःच्या पॉलिसीवर करून पाहावे. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली, को-पे नसलेली पाच लाखांची पॉलिसी ही या दोन्ही अटी असलेल्या दहा लाखांच्या पॉलिसीपेक्षा कित्येकदा सरस ठरते. मोतीबिंदूचेही तसेच. आरोग्य संजीवनी या २०२० मध्ये आलेल्या प्रमाणित पॉलिसीत एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या पंचवीस टक्के किंवा चाळीस हजार, यांतली कमी असलेली रक्कम मिळते. या पॉलिसीत को-पे केवळ पाच टक्के आहे, हा तिचा मोठा गुण. खोलीभाडे मात्र विमा रकमेच्या दोन टक्के आणि तेही दिवसाला कमाल पाच हजारांत बसवावे लागते. प्रमाणित असल्याचा फायदा असा की कोणत्याही कंपनीकडून घेतली तरी अटी त्याच राहतात, आणि दोन कंपन्यांचे दर थेट ताडून पाहता येतात. निवृत्तांना हवी ती अशी तुलना, आणि बाजार नेमकी तीच अवघड करून ठेवतो.

अर्ज भरण्याची पद्धत हा आणखी एक खड्डा. एजंट घरी येतो, चहा होतो, फॉर्म तोच भरतो. ‘काका, शुगर आहे का?’ ‘आहे थोडी, पण गोळीने कंट्रोलमध्ये आहे.’ ‘मग लिहायला नको.’ काका सही करतात. दोन वर्षांनी हृदयविकाराने भरती झाल्यावर डॉक्टरच्या केसपेपरवर ‘दहा वर्षांपासून मधुमेह’ अशी नोंद असते आणि त्या एका ओळीवर क्लेम अडतो. साठीनंतर रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड असणे यात काही वावगे नाही आणि लपवण्यासारखेही नाही. नोंद केली तर तीन वर्षे थांबावे लागेल किंवा हप्ता थोडा वाढेल. लपवले तर पाच वर्षे टांगती तलवार राहील. फॉर्मची भरलेली प्रत सही करण्याआधी वाचावी आणि स्वतःकडे ठेवावी. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करायला तीस दिवसांची मुदत असते. ते दिवस ती वाचण्यासाठीच दिलेले आहेत.

खरे तर हा सगळा विचार अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू करणे म्हणजे उशीरच. नोकरीतला गट विमा मालकाचा असतो. नोकरी संपली की तो संपतो. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे, आणि तशी बदली केली तर गट विम्यात काढलेली वर्षे प्रतीक्षा काळात धरली जातात. निवृत्तीच्या आधीच तिची चौकशी करावी. ऑफिसचा विमा असला तरी पन्नाशीत स्वतःची एक पॉलिसी सुरू केली, तर निवृत्तीच्या दिवशी प्रतीक्षा काळ आणि साठ महिने दोन्ही मागे पडलेले असतात. दुसरा मुद्दा फ्लोटरचा. एकाच रकमेत दोघांचे कव्हर स्वस्त पडते, पण हप्ता मोठ्याच्या वयावर ठरतो आणि एकाच्या आजारपणात रक्कम संपली तर दुसऱ्यासाठी काही उरत नाही. साठीनंतर दोघांना वेगळ्या, लहान पॉलिसी आणि त्यांवर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या पुढचा खर्च उचलणारी पूरक पॉलिसी), ही मांडणी अनेक घरांना झेपणारी आहे.

यात सरकारी योजनांचा विचार मध्यमवर्गीय घरांत अजूनही होत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. जुन्या आजारांसाठी थांबावे लागत नाही, हप्ता नाही, खासगी विमा असला तरी चालते. फक्त केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस यांसारख्या काही सरकारी योजनांचे लाभार्थी असतील त्यांना दोहोंतून एक निवडावे लागते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता पाच लाखांच्या मर्यादेसह सर्वांना खुली झाली, म्हणजे साठ ते सत्तर या वयोगटालाही आधार आहे. मर्यादाही ठाऊक असाव्यात. उपचार यादीतले आणि रुग्णालय अंगीकृत असावे लागते. गडहिंग्लज, उदगीर, शहादा इथल्या निवृत्ताने आपल्या गावापासून तासाभरात पोहोचता येईल असे कोणते रुग्णालय योजनेत आहे, आणि कोणते आपल्या खासगी पॉलिसीच्या कॅशलेस यादीत, हे आजारी पडण्याआधी पाहून ठेवावे. पुण्या-मुंबईतल्या चकचकीत रुग्णालयांची यादी त्याच्या फारशी कामाची नाही.

सरकारी योजना आणि खासगी विमा या दोन्हींत न येणारा खर्चही आहे. महिन्याची औषधे, तपासण्या, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ थांबायला ब्यूरोतून येणारे मामा-मावशी. पक्षाघातानंतर घरचा सर्वांत मोठा मासिक खर्च बहुधा हाच असतो, आणि कोणतीही साधी मेडिक्लेम पॉलिसी तो देत नाही. विम्यावर उधळून ठेव रिकामी करू नये, असे म्हणावे लागते ते यामुळे.

वैयक्तिक शहाणपणाची सीमा इथे संपते आणि राज्यकर्त्यांची जबाबदारी सुरू होते. हप्ता वाढतो कारण बिले वाढतात, हे विमा कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. मग बिलांकडे कोण पाहणार? मे २०२० मध्ये याच महाराष्ट्र सरकारने कोविडसाठी खासगी रुग्णालयांचे दिवसाचे दर ठरवले होते: साध्या विलगीकरणाला चार हजार, आयसीयूला साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह नऊ हजार. अंमलबजावणीत त्रुटी राहिल्या, पण दर ठरवता येतात हे सिद्ध झाले. २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरफलक लावणे बंधनकारक केले. तो फलक किती रुग्णालयांत दिसतो, याची तपासणी महापालिका आणि जिल्हा प्रशासनांनी करून निष्कर्ष जाहीर करावेत. मोतीबिंदू, गुडघा, अँजिओप्लास्टी, हर्निया या ज्येष्ठांच्या नेहमीच्या चार उपचारांपासून तरी प्रमाणित दरांची सुरुवात करता येईल.

नियामकानेही दहा टक्क्यांवर समाधान मानू नये. निवृत्तांच्या पॉलिसीतील वाढ महागाईच्या दराशी बांधावी, आणि एखाद्या वर्षी सवलत देऊन पुढच्या वर्षी ती वसूल करण्याची वाट बंद करावी. पॉलिसीच्या अटी सोप्या शब्दांत सांगणारे ग्राहक माहितीपत्रक मागणी केल्यास स्थानिक भाषेत देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. महाराष्ट्रात ते न मागता मराठीतच द्यावे. त्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर विमा रकमेच्या शेजारी आणखी दोन ओळी छापायला लावाव्यात: खोलीभाडे व को-पे धरून तीन लाखांच्या बिलात ग्राहकाच्या खिशातून किती जातील, आणि आजच्या दराने साठ, पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर व ऐंशी वर्षांच्या माणसाला याच पॉलिसीचा हप्ता किती. ही माहिती कंपन्यांच्या संगणकांत आजही आहे. ती छापण्याचा आदेश येत्या आर्थिक वर्षाच्या नूतनीकरणांपासून लागू करायला कोणतीही अडचण नाही.