बदलले काय आणि तसेच ठेवले काय?

मी इतिहासाचा शिक्षक. भौतिकशास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार तो किती! परंतु निवासी शाळेतील रात्रीच्या अभ्यासिकेत विद्यार्थी शिक्षकाचा विषय पाहून वही उघडत नाहीत. जो समोर असेल त्याला विचारतात. त्या अनुभवावरून एक मत मांडतो.

नववीचे उदाहरण घ्या. विरामावस्थेतून निघालेल्या वाहनाचा वेग १० सेकंदांत २० मीटर प्रति सेकंद होतो. त्वरण आणि कापलेले अंतर काढा. सूत्रे मुलांना तोंडपाठ असतात, तरी पेन थांबते. ‘सुरुवातीचा वेग दिलाच नाही,’ अशी तक्रार येते. तो दिलेला असतो. ‘विरामावस्था’ या भारदस्त शब्दात दडलेला असतो. भातकुलीच्या थांब्यावर उभी असलेली एस.टी. निघाली, एवढे म्हटले की शून्य लगेच मांडले जाते. मग त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि अंतर १०० मीटर, हे आठवीचे पोरही काढते.

या अडथळ्याचा अभ्यास आपल्याच राज्यात झालेला आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात आणि मुंबईच्या महानगरपालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत काम केले. पाठ्यपुस्तकाची भाषा हाच विज्ञानाच्या वाटेवरील एक मोठा अडसर आहे, हे त्या कामातून पुढे आले. ‘आपल्या लेकरांना सायन्स झेपत नाही’ असे म्हणून दहावीनंतर मुलीला दुसऱ्या शाखेकडे वळवणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत उभारलेले सिद्धार्थ महाविद्यालय कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे होते.

भाषेनंतरची अडचण प्रयोगाची. सुतळीला दगड बांधून लंबक करा, असे सांगितले की मुले उत्साहाने दगडही बदलतात आणि सुतळीही. आंदोलनाचा काळ बदलतो. कशामुळे, ते कुणालाच सांगता येत नाही. येथे तीन प्रश्न वहीत लिहून घ्यावेत: आपण काय बदलणार, त्यामुळे काय बदलते ते मोजणार, आणि मुद्दाम काय तसेच ठेवणार? पुस्तकात यांनाच चल म्हणतात. सुतळी १ मीटर ठेवून फक्त दगड बदलला, तर झोका लहान असेतोवर २० आंदोलनांना प्रत्येक वेळी सुमारे ४० सेकंदच लागतात. मुलांचा विश्वास बसत नाही, ती पुन्हा मोजतात. मोजू द्यावे. नंतर सुतळी २५ सेंटिमीटर केली की काळ निम्मा होतो. लांबी चौथाई झाली आणि काळ मात्र निम्माच का, हा प्रश्न मग मुलेच विचारतात.

आपला तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. एका ताटलीत विहिरीचे पाणी, दुसरीत साठवलेले पावसाचे पाणी, दोन्हींत मुगाचे ५०-५० दाणे. ताटल्या सारख्या, जागा एक, पाणी मोजून सारखे. एक खिडकीत आणि दुसरी कपाटात ठेवली तर उगवणीतला फरक पाण्याचा की उन्हाचा? हा प्रश्न ज्या मुलीला पडेल, ती उद्या शेतीच्या दुकानात ‘या औषधाने कपाशी वाढली’ हे ऐकताना यंदाच्या पावसाचाही हिशेब मागेल. आम्हा इतिहासवाल्यांना ही सोय नाही. कोरेगावची लढाई वगळून १८१८ पुन्हा घडवून पाहता येत नाही. ज्यांना पाहता येते, त्यांनी ती संधी दवडू नये.

माजी विद्यार्थी दरवर्षी विचारतात, शाळेला काय द्यावे? स्वागतकमानीचा आग्रह असतो, हे मला ठाऊक आहे. माझे मत वेगळे आहे. स्टॉपवॉच, मोजपट्टी, ताणकाटा, वजने, मोजपात्र असा एक संच दर तीन मुलांमागे असावा. आणि कपाटाची किल्ली अभ्यासिकेच्या वेळी विद्यार्थ्यांपाशी असावी. वस्तू फुटतील. त्या फुटीची रक्कम संस्थेने वार्षिक अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवावी.