मऊ प्रवाळ पाळताय? मग हे वाचाच

ठाण्याच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. गोड्या पाण्यातले मासे त्या बरीच वर्षं पाळताहेत. आता खाऱ्या पाण्याचा टँक करून त्यात प्रवाळ ठेवायचं मनात आहे. "मला जमेल का हो?" असं विचारतात. न जमायला काय झालं! मात्र सुरुवात मऊ प्रवाळापासून करावी. दगडासारखी कठीण प्रवाळं सांभाळायला अवघड, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संरक्षित आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून आठवण म्हणून एखादा तुकडासुद्धा उचलून आणू नये.

मशरूम आणि लेदर, ही दोन नवशिक्यांना बरी. प्रवाळ हा प्राणी. पण याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि ते उजेडावर अन्न तयार करून त्याला पुरवतं. म्हणून रोज आठ-दहा तास दिवा हवाच.

पाणी समुद्रावरून आणू नका. टँकसाठी मिळणारं खास सागरी मीठ आर.ओ.च्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम या बेतानं विरघळवावं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. मग चार ते सहा आठवडे टँक नुसता चालू ठेवायचा. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, की मगच प्रवाळ आणायचं. एवढी कळ काढवत नसेल तर गोड्या पाण्यातले मासेच बरे! पाणी आटतं, मीठ मागे उरतं. तेव्हा रोजची भर बिनमिठाच्या पाण्याचीच घालावी. शंभर लिटरच्या टँकमधलं दहा लिटर पाणी दर आठवड्याला बदललं की पुरे. तापमान २५-२६ अंश असावं. माशांना औषध देताना त्यात तांबं नाही ना, ते पाहा. तांब्यानं प्रवाळ मरतं.

लेदर कोरल मधूनच काही दिवस मिटून बसतं, अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतं. मेलं समजून फेकू नका हं! ते कात टाकतंय.

आता एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. दुकानदार 'झोआ' किंवा 'पॅली' म्हणून रंगीबेरंगी फुलांसारखं प्रवाळ दाखवतात. दिसतं देखणं, जगतंही सहज. पण त्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. आपल्या बायकांचा हात काहीही साफ करताना आधी उकळत्या पाण्याकडे जातो. इथे नेमकं तेच करायचं नाही. असा दगड उकळला, त्यावर कढत पाणी ओतलं किंवा ब्रशनं खसाखसा घासला, तर विष वाफेतून, तुषारांतून श्वासात जातं. २०१८ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात टँक साफ करताना असंच झालं आणि घरातली सगळी माणसं इस्पितळात गेली.

घरात लहान मूल असेल तर मी म्हणेन, झोआ आणूच नका. आणलं असेल तर हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नये, हाताला चीर असताना तर मुळीच नाही. कामाच्या बाईंनाही हे बजावून ठेवा. कौतुकानं टँक घासायला घेतील बिचाऱ्या! सफाईनंतर तोंडाला धातूची चव आली, थंडी वाजून ताप आला, धाप लागली, तर सगळ्यांनी लगेच घराबाहेर पडावं आणि डॉक्टरांकडे जावं. विषाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून फोनपाशी लावून ठेवा, म्हणजे ऐनवेळी डॉक्टरांना सांगता येईल.