दोष बोटांचा नव्हता!

अकरावीत हट्टाने घेतलेली गिटार सध्या कुठे आहे? कपाटावर, बॅगेसकट, बरोबर ना? ‘आपल्यात टॅलेंटच नाही यार’ म्हणून तुम्ही विषय संपवला असेल. माझं म्हणणं एवढंच, की स्वतःला नापास करण्याआधी एकदा गिटार तपासा.

मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, एक छोटी पट्टी असते. तिच्या खाचांतून तारा जातात. हा नट. स्वस्त गिटारींत या खाचा बऱ्याचदा पुरेशा खोल नसतात. मग पहिल्या फ्रेटवर तार दाबायला जोर लागतो, सूर चढा येतो आणि ‘एफ’ कॉर्ड म्हणजे शिक्षा वाटते. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. कागद जेमतेम जाईल एवढीच हवी. त्यात आपली वसईची हवा! पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं, वरची फळी फुगते, तारा आणखी उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटपाशी तार साधारण दोन-अडीच मिलिमीटर उंच असावी. चार भरली तर कोणाचीही बोटं सोलणारच.

दुरुस्तीला लागतं काय? बारीक कानस, पॉलिश पेपर, पट्टी आणि भरपूर सबुरी. वालीवकरांनी तर हत्यारांची सबब सांगूच नये. फाट्यावरून आत शिरलं की गाळ्यांमागून गाळे, आत लेथ, साचे, सुतारकाम. ज्यांच्या घरातली मोठी माणसं दिवसभर अशा मशीनवर मापं सांभाळतात, त्या मुलांनी दीड मिलिमीटरला घाबरून नवी गिटार ऑनलाइन मागवावी, हे मला पटत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. दोनदा कानस फिरवायची, तार चढवायची, वाजवून ऐकायचं, मग पुढे. घासलेलं परत भरता येत नाही.

घासून ऐकण्याच्या या कामाची आपल्याकडची मोठी शाळा म्हणजे मिरज. शस्त्रांना धार लावणारे तिथले शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतारी-तानपुऱ्यांकडे वळले. फरीदसाहेबांचं नाव त्यात आधी घेतलं जातं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर तानपुऱ्याच्या घोडीचा माथा हलक्या हाताने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तार घोडीला नेमकी किती चाटून जाते, यावर ती गुंजणारी आस अवलंबून असते. याला जवारी काढणं म्हणतात. ते मोजपट्टीने जमत नाही, कान तयार लागतो.

‘मग असल्या कामात हौशी पोरांनी हात घालून वाद्यांचं वाटोळं का करायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात भंगारात निघालेल्या वाद्यापासून करा. आणि झटपट चिकटणारा गोंद दूर ठेवा. व्हायोलिन बनवणारे सांध्यांना सरस लावतात, कारण ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो आणि पुढच्या माणसाला वाद्य उघडता येतं. दुरुस्ती करताना पुढच्या दुरुस्तीची सोय ठेवायची, ही शिस्त मला फार आवडते. राहिला कारागिरांच्या पोटाचा प्रश्न. ज्याने स्वतः एक नट घासलाय, तो त्यांच्या मजुरीवर घासाघीस करणार नाही, असा माझा अंदाज आहे.

नवं काही बनवायचंय? मग गिटारीच्या आधी तुणतुणं करा. पोकळ नळकांडं, बुडाला ताणलेलं कातडं, बाजूला काठी, वर खुंटी आणि एकच तार. आपल्याच जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवरची घांगळीही एकदा नीट पाहा: दोन भोपळे आणि बांबूची दांडी.

घरात आजीची सतार असेल, तर मात्र प्रयोग नकोत. ती घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरज गाठा. दुरुस्तीचे पैसे न कुरकुरता द्या आणि काम चालू असताना शेजारी बसू द्याल का, एवढं विचारून बघा.