पडद्यामागची दहा वर्षे



गेल्या रविवारी सेनगावात आमच्या विहारात डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट मुलांना दाखविला. संपल्यावर दहावीतली एक मुलगी म्हणाली, “काका, एवढा चांगला सिनेमा टॉकीजला का नाही लागत?”

प्रश्न साधा, उत्तर मात्र लांबलचक. मी पडलो कारकून, म्हणून तारखांनीच सांगतो. 1991 हे बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. त्या निमित्ताने चित्रपटाचे ठरले. पैसा केंद्र व महाराष्ट्र सरकारचा, काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे. बाबासाहेबांसाठी नट मिळाला तो केरळचा, मामुट्टी. मिशी काढायला तो आधी तयार नव्हता, पण भूमिकेसाठी शेवटी काढली.

पटकथेत सूनी तारापोरवाला, अरुण साधू यांच्याबरोबर ‘बलुतं’कार दया पवार होते. डिसेंबर 1996 मध्ये ते गेले. पुरा झालेला चित्रपट त्यांना पाहता आला नाही. गांधीजी साकारणारे मोहन गोखले एप्रिल 1999 मध्ये वारले, तेव्हाही चित्रपट लोकांपुढे आलेला नव्हता.

1998 सालचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: मामुट्टीला अभिनयाचा, नितीन देसाईंना कलादिग्दर्शनाचा, शिवाय उत्कृष्ट इंग्रजी चित्रपटाचा. तरी प्रदर्शनाला 2000 साल उजाडले. तामिळ आवृत्तीसाठी तर लोकांना मद्रास उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा 2010 च्या डिसेंबरात ती पडद्यावर आली.

सरकारचा पैसा म्हणजे आपल्या घामाचा पैसा. त्यातून चित्रपट तयार झाला, पण लोकांपर्यंत न्यायची घाई कोणालाच नव्हती. आमच्या गावात तो आला तो वर्गणीतून. कोणी टीव्ही आणला, कोणी सीडी, बायाबापड्यांनी सतरंज्या अंथरल्या. रमाईच्या मरणाच्या प्रसंगाला माझी आई पदर डोळ्याला लावून बसली होती.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले, “बाई, टॉकीजची वाट पाहिली असती तर तू आज हा पाहिला नसतास.”

येत्या 14 एप्रिलला डीजेच्या वर्गणीतले थोडे पैसे बाजूला काढा, वस्तीत हा चित्रपट दाखवा. आणि शेवटी नावे येतात ना, तेव्हा उठू नका. दया पवारांचे नाव मुलांना मोठ्याने वाचायला लावा.

जयभीम!