आत्ममैत्री म्हणजे शरणागती नव्हे



"डोळे मिटा, मन शांत ठेवा, भोगायचे ते आपल्याच कर्माचे" असा उपदेश आपल्या वस्त्यांतून ऐकू येतो, त्याचा मी निषेध करतो. ध्यान ही पळवाट आहे, असे म्हणून ते हिणवणाऱ्या सुशिक्षित बंधूंशीही माझे तितकेच भांडण आहे.

आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहा. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. खाडा झाला की दंड. पाळी असो, गर्भारपण असो, स्त्रीला विसावा नाही, आणि कोपीला न्हाणी नाही. मग दुखणे, मग खाजगी दवाखाना, आणि मग "पिशवी काढून टाका" हा सल्ला. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. इतक्या जणींचे पूर्वकर्म नेमके एकाच जिल्ह्यात आणि एकाच धंद्यात पिकले काय? गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दारिद्र्य ठरते, हे मत १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी साफ नाकारले. ते मागच्या दाराने पुन्हा विहारात का येते?

परंतु दुसरी बाजूही मी रोज पाहतो. अशा भगिनी माझ्यासमोर बसतात आणि म्हणतात, "साहेब, चूक माझीच. मीच अंगठा दिला." जी स्वतःलाच गुन्हेगार ठरवून बसली, तिचा वकीलपत्रावरील अंगठा काय कामाचा? उलटतपासणीच्या पहिल्याच प्रश्नाला ती खाली पाहील.

म्हणून आत्ममैत्री हवी. आचार्य बुद्धघोषांच्या विशुद्धिमग्गात मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासूनच सांगितला आहे. प्रिय व्यक्ती, तटस्थ व्यक्ती, वैरी हे सर्व नंतर. यात स्वार्थ मुळीच नाही. एकीने सावकाश शब्द सांगावेत, बाकीच्यांनी डोळे मिटून श्वास पाहावा आणि मनात म्हणावे : मी सुखी होवो, माझे भय जावो, जे माझ्यावर लादले गेले त्याचा दोष मी माझ्या माथी घेणार नाही. शेवटचे वाक्य विशुद्धिमग्गातले नव्हे, माझे आहे; पण बीडमध्ये ते लागते. रडू आले तर येऊ द्यावे. वैऱ्यावरील मैत्रीची घाई कोणी करू नये, आणि वैऱ्याविषयी द्वेष नसणे म्हणजे त्याच्याविरुद्धचा दावा सोडणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

आता कायदा ऐका. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्णय दिला की, तपासणीसाठी दिलेली संमती ही गर्भाशय काढण्याची संमती होत नाही. सज्ञान आणि समजत्या स्त्रीच्या वतीने तिची आईसुद्धा ती देऊ शकत नाही. तेथे आईची संमती पुरत नाही, तर मुकादमाची कोठून पुरणार? अंगठा घेतला, पण शस्त्रक्रियेचे परिणाम व दुसरे उपाय समजावून सांगितले होते काय, हा प्रश्न न्यायालयात विचारता येतो. ग्राहक आयोगाकडे जाण्यास मुदत २ वर्षांची. उशिराचे सबळ कारण असेल तर ते मांडता येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न काहीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो.

येत्या पौर्णिमेस विहारात बसाल तेव्हा दवाखान्याचे कागद सोबत आणा. ध्यान आटोपल्यावर ते एकत्र बसून वाचू.