तेरा गोलांच्या आड झाकलेला माणूस

१/ फुटबॉलच्या इतिहासात एखाद्यावर अन्याय करण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याचा विक्रम तेवढा पाठ करणे. फ्रान्सचे आघाडीपटू ज्यूस्त फोंतेन यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९५८ च्या विश्वचषकात १३ गोल. पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून अवघे २ सामने आणि दोन्हींत पराभव. त्यांचे चरित्र बहुधा या दोन वाक्यांत आटोपते. पहिले वाक्य खरे असूनही अपुरे आहे. दुसरे खरे असूनही दिशाभूल करणारे आहे.

२/ विक्रम निर्विवाद आहे. स्वीडनमध्ये पॅराग्वेविरुद्ध ३, युगोस्लाव्हियाविरुद्ध २, स्कॉटलंडविरुद्ध १, उत्तर आयर्लंडविरुद्ध २, ब्राझीलविरुद्ध १ आणि पश्चिम जर्मनीविरुद्ध ४. सहा सामने, तेही संघसहकारी स्तेफान ब्रुए यांचे उसने बूट घालून! फ्रान्ससाठी एकूण २१ सामन्यांत ३० गोल. परंतु हे गोल करणारा खेळाडू कायद्याने कोणाच्या मालकीचा होता, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही.

३/ त्या काळी फ्रान्समधील व्यावसायिक खेळाडू वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत क्लबशी बांधलेला असे. क्लब त्याची संमती न घेता त्याला दुसऱ्या क्लबला विकू शकत असे. खेळाडूला मात्र आपल्या मर्जीने क्लब सोडता येत नसे. मैदानावर टाळ्या, करारात वेठबिगारी, अशी ही व्यवस्था होती.

४/ १९६० मध्ये फोंतेन यांचा पाय मोडला. १९६१ च्या जानेवारीत पुन्हा मोडला. खेळाडूचे आयुष्य किती क्षणभंगुर असते, हे त्यांना स्वतःच्या हाडांनी शिकवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅमेरूनमध्ये जन्मलेले आघाडीपटू युजेन न्जो लेआ यांच्या पुढाकाराने व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष होते फोंतेन. १९६२ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली.

५/ विश्वविक्रमी नाव संघटनेच्या शिरोभागी असणे ही शोभेची बाब नव्हती. सामान्य खेळाडूने तोंड उघडले तर त्याची रोजीरोटी जाण्याचा धोका होता. १९६३ मध्ये रेमाँ कोपा यांनी खेळाडूंची तुलना जाहीरपणे गुलामांशी केली, तेव्हा त्यांच्यासारख्या दिग्गजावरही शिस्तभंगाची कारवाई झाली. अखेर १९६९ मध्ये मुदतबंद करार मान्य झाला. हे यश एकट्या फोंतेन यांचे नव्हे. तोवर त्यांनी अध्यक्षपदही सोडले होते. पण पाया रचणाऱ्यांना वगळून कळसाचा इतिहास लिहिता येत नाही.

६/ आता ‘अयशस्वी प्रशिक्षक’ या शिक्क्याविषयी. १९६७ मधले ते दोन्ही सामने मैत्रीपूर्ण होते : रुमानियाविरुद्ध १-२, सोव्हिएत संघाविरुद्ध २-४. तेवढ्यावर त्यांना दूर केले गेले. दोन सामन्यांवरून प्रशिक्षकाची पारख करणाऱ्यांचीच पारख व्हायला हवी! त्याच फोंतेन यांच्या कार्यकाळात १९७४ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेन पहिल्या श्रेणीत पोहोचला. आज ज्या क्लबच्या श्रीमंतीची चर्चा होते, त्याच्या चढणीतला हा टप्पा क्वचितच सांगितला जातो.

७/ फोंतेन यांचा जन्म १९३३ मध्ये फ्रेंच अंमलाखालील मोरोक्कोत, माराकेशला झाला. त्याच देशाच्या, आता स्वतंत्र असलेल्या, राष्ट्रीय संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९८० च्या आफ्रिकी राष्ट्र चषकात तिसरे स्थान मिळवले. १९८२ च्या विश्वचषकाची पात्रता मात्र हुकली. कॅमेरूनने वाट अडवली. ते महान प्रशिक्षक होते, असा दावा येथे नाही. दावा एवढाच, की दोन पराभवांत त्यांना गाडून टाकणे हा इतिहास नव्हे.

८/ यावर आक्षेप ठरलेला : लोकांना गोल आठवतात, करार नाही, त्यात गैर काय? प्रेक्षकाने तसे म्हणावे. इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणू नये. विक्रम कधी ना कधी मोडण्यासाठीच असतो. हक्क एकदा मिळाला की पुढच्या पिढीला तो निसर्गदत्त वाटू लागतो, आणि म्हणूनच तो कोणी मिळवून दिला हे सांगत राहावे लागते.

९/ १ मार्च २०२३ रोजी फोंतेन निवर्तले, तेव्हा मथळ्यांत १३ हाच आकडा झळकला. पुढच्या वेळी तो आकडा सांगताना त्याला १९६१ हे वर्षही जोडावे. करार संपल्यावर आपला क्लब स्वतः निवडणाऱ्या फ्रान्समधील प्रत्येक खेळाडूच्या स्वातंत्र्यात त्या वर्षाचा वाटा आहे.